न झटकलेला पाय

तळेगाव ढमढेऱ्यात थंडी पडली हे सुगराबीच्या ओट्यावरून कळायचं. दिवाळी सरली, मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यांवर दव धरायला लागलं, की दुपारी तिच्या ओट्यावर बायका पाय पसरून रांगेनं बसलेल्या दिसायच्या. पहाटेपासून गार पाण्याच्या सरीत उभं राहून त्यांच्या टाचा अशा फाटलेल्या असायच्या, की एकेका भेगेत ज्वारीचा दाणा सहज मावावा. कुणाच्या भेगेतून रक्त यायचं. तरी सगळ्या अनवाणीच चालत यायच्या. चिखलात चप्पल रुतते, आणि पायांत चप्पल घालून खुरपायला कोण बसतंय.

सुगराबी भेगांत बिब्बा घालायची. रॉकेलची एक चिमणी, एक दाभण आणि मूठभर काळे बिब्बे, एवढंच तिचं सामान. बिब्बा दाभणाला टोचून ज्योतीवर धरला की तडतडतो आणि त्यातून काळं कढत तेल सुटतं. ते थेंबाथेंबानं भेगेत सोडायचं. भेग आतून चरचरते आणि आठवड्याभरात मिटून येते. तेच तेल चुकून चांगल्या कातडीवर ओघळलं तर बिब्बा उततो, टरारून फोड येतात आणि माणूस महिनाभर खाजवत बसतं. म्हणून त्याला हात हलका लागतो. सुगराबीचा होता, आणि तिला त्याची घमेंडही होती. तिच्या हातून बिब्बा उतल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं. नसेल आठवत तर ती स्वतः आठवण करून द्यायची.

ही विद्या तिला सासूनं दिली होती. विद्या कसली, एकच गोष्ट होती. सासू म्हणायची, "भेगंकडं काय बघतीस? पायाकडं बघ. मेल्या कातडीला कळत न्हाई. तेल जित्या मांसाला टेकलं की पाय आपसूक झटकतो. झटकला की थांबायचं." सुगराबी वीस वर्षं तेवढंच करत आली. एक हात पायाच्या घोट्यावर, दुसऱ्या हातात दाभण, आणि लक्ष त्या झटक्याकडे. बायका कितीही ओरडल्या तरी ती थांबत नसे. ओरडणाऱ्या तर बिब्बा पेटवायच्या आधीपासूनच ओरडायच्या. पाय मात्र खोटं बोलत नाही, असं तिचं म्हणणं होतं.

तिचा नवरा अयुब नालबंद. उसाच्या हंगामात गाडीचे बैल पाडायचे, चारी पाय दोरखंडानं बांधायचे, खूर तासून नालाची लोखंडी पत्री ठोकायची, हे त्याचं काम. आठवडे बाजारात चिंचेखाली त्याची जागा ठरलेली असे. चार पायांचं जनावर अयुबकडं न्यावं आणि दोन पायांचं सुगराबीकडं, अशी गावाची चेष्टा होती. दोघांनाही ती आवडायची. पुढं ट्रॅक्टर वाढले, बैल कमी झाले, पोरगा फिरोज सणसवाडीला कंपनीत लागला आणि तिकडंच खोली करून राहिला. अयुब तरी बाजार सोडत नव्हता.

पंचेचाळिशीत त्याला साखर निघाली. गोळ्या आठवल्या तर घ्यायच्या, नाही आठवल्या तर चहात साखर कमी घालायची, असा त्याचा इलाज. आधी पायांना मुंग्या आल्या. वर्षा-दोन वर्षांत मुंग्याही गेल्या आणि त्याला वाटलं, बरं झालं. एकदा तो बाजारातून घरी आला तर फरशीवर रक्ताची पावलं उमटत होती. पत्रीचा खिळा चपलेतून वर तळव्यात घुसलेला, आणि हा गडी दीड मैल चालत आलेला. खिळा उपसला तेव्हा तो हसत होता. पुढं आठ दिवस बाजारात तीच गोष्ट चालली. अयुबमामाचे पाय लोखंडाचे आहेत, असं जो तो म्हणू लागला. सुगराबीही ते शेजारपाजारी कौतुकानं सांगायची. त्या कौतुकाची आज चीड येते. पण ज्याला खिळा कळत नाही तो आजारी आहे, हे त्या घराला सांगणारं कुणी नव्हतं.

सत्याण्णवच्या डिसेंबरात थंडी कडक पडली. अयुबची डावी टाच दोन बोटं लांब फाटली. एके दुपारी बायका पांगल्यावर सुगराबीनं त्याला ओट्यावर बसवलं. शेजारची शेवंताबाई तेवढी आपला पाय पुसत मागं रेंगाळली होती. सुगराबीनं बिब्बा टोचला, ज्योतीवर धरला, थेंब सोडला. पाय झटकला नाही. अयुब न्हावऱ्याच्या कुणाच्या तरी मारक्या बैलाची हकीकत सांगत होता. तिनं आणखी तेल सोडलं. भेग खोल आहे, मेली कातडी जाड आहे, असं तिला वाटलं. एक बिब्बा संपला, दुसरा संपला.

"तुमच्या टाचंला काय कळतंय का न्हाई?" तिनं विचारलं.

"तू घाल की. बायकांसारखा मी काय बोंबलनार हाय का?"

शेवंताबाई म्हणाली, "आमच्या मालकांस्नी एक थेंब सोसत न्हाई. तुमचं मामा लई धीराचं."

सुगराबीला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, तिचा ऊर भरून आला. तिनं तिसरा बिब्बा टोचला आणि मग चौथाही. झटका येईल तेव्हा थांबायचं, म्हणून ती त्याच्या घोट्यावर हात ठेवून वाट बघत राहिली आणि कढत तेल आत सोडत राहिली. तो झटका आलाच नाही. बिब्बे संपले म्हणून ती थांबली.

तिसऱ्या दिवशी घरात वास यायला लागला. टाच काळी पडली होती आणि काळं वर चढत होतं. आधी गावातलं मलम झालं, मग इंजेक्शनं, मग फिरोजनं गाडी करून पुण्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. सव्वा महिन्यानं अयुब गावात परत आला तेव्हा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता.

जखमेचं पुढचं बघायला त्यांना शिरूरच्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव मिळालं. बाई साखरेच्या आजारातल्या जाणकार होत्या, बोलायला रोखठोक. त्यांनी पहिल्याच दिवशी अयुबला डोळे मिटायला सांगितलं, हातात टाचणी घेतली आणि उजव्या तळव्याला टोचली. मग बोटांना, मग टाचेला, मग परत तळव्याला.

"कळतंय का, काका?"

"टोचा की आधी," अयुब डोळे मिटून म्हणाला.

सुगराबी समोरच उभी होती. टाचणी चार वेळा आत गेलेली तिनं बघितली होती आणि पाय तसाच निपचित होता. तिला घोट्यावर ठेवलेला आपला हात आठवला. शेवंताबाईचं बोलणं आठवलं, आणि आपल्याला किती बरं वाटलं होतं तेही. आपण काय करत होतो ते तिला त्या टाचणीपाशी कळलं. जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असं तिला वाटलं. जमीन असल्या वेळी काही करत नाही. ती तशीच उभी राहिली आणि बाई पुढचं सांगत होत्या ते ऐकत राहिली.

"डावा गेला. आता हा उजवा तुमच्या हातात आहे," बाई तिला म्हणाल्या. "याला काही कळत नाही, म्हणून तुम्हाला कळायला हवं. वर्षभर जपा, पण थंडीत जास्त. माझ्याकडं सगळ्यात जास्त भाजलेले पाय थंडीतच येतात. पाय गार वाटतो म्हणून माणसं शेकोटीला धरतात, गरम पाण्याची पिशवी लावतात, खाटेखाली निखारे ठेवतात. आणि कातडी शिजली तरी त्यांना पत्ता नसतो. ऊब द्यायची तर सुती मोजा घाला, वरून गोधडी घाला. पाणी आधी तुमच्या कोपरानं बघा. घरातसुद्धा अनवाणी चालू देऊ नका. टाचेला रोज खोबरेल लावा, बोटांच्या बेचक्यात नको. आणि रोज उजेडात तळवा बघा. वाकून दिसत नसेल तर खाली आरसा धरा."

"एवढं केल्यावर पाय ऱ्हाईल ना?"

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. "केलं तर जास्त दिवस राहील," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून सुगराबीनं बिब्बे बंद केले. पुढच्या थंडीत बायका ओट्यावर आल्या तेव्हा तिनं चिमणी काढलीच नाही. ती सांगायची, बायांनो, कामावरून आल्यावर पाय कोमट पाण्यात ठेवा, कोरडे पुसा, खोबरेल चोळा, सरीत जाताना प्लास्टिकचे बूट घाला. आणि प्रत्येकीला विचारायची, "तुला साखर हाय का? तपासलीस का कवा?" बायका एकमेकींकडं बघायच्या. बिब्ब्यानं आठ दिवसांत मिटणारी भेग खोबरेलानं महिना घेते, आणि सकाळी परत त्याच पाण्यात उतरायचं असतं. दोन वर्षांत ओटा ओस पडला. वरच्या आळीला एक म्हातारी बिब्बा घालायला लागली होती. शेवंताबाईसुद्धा तिकडंच जायची. सुगराबीच्या दारावरून जाताना ती लंगडायचं लपवायची, हे सुगराबीला दिसायचं.

पण सुगराबी काही गप्प बसली नाही. थंडीत कुठंही शेकोटी दिसली की ती उभी राहायची. म्हातारी माणसं पाय विस्तवाशी धरून बसलेली असली की म्हणायची, "आबा, पाय मागं घ्या. आदी हातानं बघा किती कढत हाय." ती आली की माणसं विषय बदलायची. अयुबच्या पायाचं खापर ती विस्तवावर फोडते, असंही लोक माघारी म्हणायचे. ते तिच्या कानावर यायचं. आपण काय केलं ते तिला ठाऊक होतं आणि लोकांनाही ठाऊक होतं, त्यामुळं भांडायला तोंड नव्हतं.

घरातलं भांडण मात्र रोजचं होतं. घरात दोघं दखनी आणि मराठीची खिचडी बोलायची, आणि भांडण चढलं की निव्वळ मराठीवर यायची. अयुबला पाय गार लागायचा. हात लावला तर पाय चांगला ऊन असायचा, पण त्याला आतून बर्फ भरल्यासारखं वाटायचं. ही साखरेचीच एक तऱ्हा, बाईंनी सांगितलं होतं. डिसेंबर लागला की तो लहान पोरासारखा विस्तवासाठी हट्ट धरायचा. गल्लीतल्या शेकोटीकडं कुबड्या टेकत निघायचा, आणि ती हातातलं काम टाकून त्याला परत आणायची.

"पाय माझा हाय का तुझा?" तो एकदा चौकात सगळ्यांदेखत म्हणाला.

"तुमचाच हाय," ती म्हणाली. "पर तुमास्नी कळत न्हाई."

"एक तर तूच खाल्लास."

शेकोटीभोवतीची माणसं खाली बघायला लागली. सुगराबीनं त्याचा दंड धरला आणि त्याला घरी नेलं. घरी आल्यावर तिनं त्याचा मोजा काढला, तळव्याखाली आरसा धरला, बोटांच्या बेचक्या कोरड्या फडक्यानं पुसल्या, टाचेला खोबरेल लावलं. तो तसा वाईट माणूस नव्हता. थंडीनं त्याची जीभ सैल सुटायची आणि नंतर त्याला लाज वाटायची.

फिरोजनं एका थंडीत विजेची शेगडी आणली. तिनं ती खोक्यासकट परत पाठवली. सून आसमीननं रबरी पिशवी आणली, ती सुगराबीनं सुरीनं फाडली. सून रुसून बसली, पुढं सहा महिने आली नाही. सुगराबीला त्याचं वाईट वाटलं, पण पश्चात्ताप झाला नाही. रोज दुपारी ओट्यावर ऊन आलं की आरसा निघायचा. उनातसुद्धा ती त्याला फरशीवर पाय टेकू द्यायची नाही, खाली गोणपाट घालायची. अशा पाच थंड्या गेल्या. पाच थंड्यांत उजव्या पायावर एक ओरखडा नाही. बाई दर महिन्याला पाय तपासायच्या आणि म्हणायच्या, "काकू, असा पाय मी कुणाचा बघितला नाही." सुगराबी ते ऐकायची आणि घरी येईपर्यंत तोंडातल्या तोंडात घोळवायची. पहिल्या पायाची भरपाई होत नाही हे तिला कळत होतं. तरी दुसरा राखला तर कुठंतरी, कुणाच्या तरी दरबारात आपल्या बाजूनं एक शब्द पडेल, एवढी आशा तिनं मनात धरली होती.

दोन हजार तीनचा जानेवारी. त्या सकाळी शेतातल्या पाटाच्या कडेला दव गोठून पांढरं पडलं होतं. शिरूरला जायचा दिवस होता. तळेगाव ते शिरूर जालिंदर वडाप करायचा, सीटवर माणसं भरून न्यायचा. चाळिशीचा माणूस, गाडी जुनी, इंजिन आतच, ड्रायव्हरच्या शेजारी पत्र्याच्या झाकणाखाली. त्याच्या वडलांच्या बैलांना अयुबनं वीस वर्षं पत्र्या मारल्या होत्या. अयुबला कुडकुडत उभा बघून त्यानं पुढच्या सीटवरच्या दोघांना उठवून मागं घातलं.

"मामा, तुमी पुढं या. हितं इंजिनची ऊब हाय, थंडी लागायची न्हाई."

सुगराबीनं क्षणभर विचार केला. विस्तव नाही, निखारा नाही, पाणी नाही. पायात जाड मोजा, वर बाईंनी सांगितलेली मऊ चप्पल. मागं दाटीवाटीत कुणाचा तरी बूट त्याच्या पायावर पडेल, त्यापेक्षा पुढं बरं. तिनं स्वतः त्याला कमरेला धरून वर चढवलं, कुबड्या शेजारी लावल्या आणि मागं बायकांत जाऊन बसली.

कोंढापुरी ओलांडली आणि गाड्या थांबल्या. पुढं उसाची ट्रॉली उलटली होती, सगळा रस्ता उसानं भरला होता. पाऊण तास गाडी जागेवर धडधडत उभी राहिली. एकदा बंद केली तर थंडीत ही सुरू होत नाही, म्हणून जालिंदरनं इंजिन चालूच ठेवलं होतं. पुढं जागा अडचणीची. अयुबच्या चपलेचा पट्टा काचत असावा किंवा बसायला सोयीचं पडत नसावं, त्यानं चप्पल काढली आणि पाय उचलून झाकणावर टेकवला. हे मागून तिला दिसलं नाही. तिला दिसला तो त्याचा चेहरा. तो मान वळवून तिच्याकडं बघत होता आणि हसत होता.

"आज बरं वाटतंय गं," तो म्हणाला. "मांडीपातूर ऊब आली."

पाच वर्षांत त्याच्या तोंडून थंडीच्या दिवसांत असं वाक्य आलं नव्हतं. तिला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या बाईला ती म्हणाली, रोज यांना जालिंदरच्या गाडीतच बसवून ठेवायला पायजे. अयुबचा मग डोळा लागला. गाडी शिरूरच्या स्टँडवर पोचेपर्यंत तो मान टाकून गाढ झोपला होता. तोवर पाय झाकणावरून घसरून खाली आला होता. उतरायच्या वेळी तिनं चप्पल खाली पडलेली बघितली, वाटलं निसटली असेल. ती पायात घालून तिनं त्याला खाली घेतलं.

दवाखान्यात बाईंनी नेहमीसारखा मोजा धरला आणि खाली ओढला. मोजा टाचेपाशी अडकला. त्यांनी कात्री मागितली, मोजा बाजूनं कापला आणि हळूच सोडवला, तेव्हा मोज्याबरोबर टाचेची आणि तळव्याची कातडी सुटून आली. खालचं मांस पांढरं पडलं होतं. सुगराबीनं ते बघितलं. घरच्या आरशात तिनं हेच दिसू नये म्हणून पाच वर्षं रोज बघितलं होतं.

"कशानं भाजलं?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज चढला होता. "काकू, कशाला धरला होता पाय?"

"कशालाच न्हाई," सुगराबी म्हणाली. "सकाळी बघितला मी. सकाळी चांगला व्हता."

अयुब दोघींच्या तोंडाकडं बघत होता. "काय झालं?" तो विचारत होता. "काय झालं, सांगा की." त्याला वाकून तळवा दिसत नव्हता आणि दुखत तर काहीच नव्हतं. बाईंनी पट्टी बांधली, पुण्याला चिठ्ठी लिहिली आणि आजच न्या म्हणाल्या. पाय वाचेल का, हे सुगराबीनं या वेळी विचारलं नाही.

त्याला बाकावर बसवून ती स्टँडवर गेली. सकाळपासून पाय कुठं कुठं टेकला ते ती मनात मोजत होती आणि मोजत मोजत गाडीपाशी येऊन थांबली. जालिंदर चहा पीत उभा होता. तिनं पुढचं दार उघडलं आणि त्या झाकणावर तळहात ठेवला. गाडी थांबून तास होत आला होता, तरी तिला हात ठेववेना.

"मामांस्नी बरं वाटलं ना?" जालिंदर म्हणाला. "जाताना बी पुढंच बसवतो बघा. झोप चांगली लागली म्हाताऱ्याला."

सुगराबीला वाटलं, न सांगता निघून जावं. या माणसानं चांगलंच करायला घेतलं होतं. आपण भल्यासाठी केलं त्यानंच माणसाचा पाय गेला, हे घेऊन जगणं काय असतं, हे साऱ्या तालुक्यात तिच्याइतकं कुणाला माहीत नसेल. पण थंडी अजून महिनाभर होती. उद्या हा आणखी कुणा म्हाताऱ्याला मायेनं पुढं बसवणार.

"जालिंदर, हितं हात ठेव," ती म्हणाली.

त्यानं ठेवला आणि झटकन काढून घेतला.

"मामांचा पाय हितं व्हता. पाऊण तास. त्यांस्नी कळत न्हाई."

त्याला आधी समजलं नाही. मग समजलं. हातातला चहा त्यानं खाली ठेवला तो ठेवताना सांडला. त्याच गाडीतून त्यानं दोघांना पुण्यापर्यंत सोडलं. अयुबला त्यानं मागच्या सीटवर आडवं निजवलं होतं आणि सारी वाट तो आरशातून मागं बघत होता.

बाविसाव्या दिवशी उजवा पाय कापला. अयुब त्यानंतर फारसं बोलला नाही. शुद्धीवर आल्यावर त्यानं चादरीखाली हात घालून चाचपून बघितलं आणि तिला एवढंच म्हणाला, "तू लई केलंस." तिला ते शिवीपेक्षा जास्त लागलं. तिनं चेहरा पदरात झाकला आणि वॉर्डातल्या परक्या माणसांदेखत हुंदके देऊन रडली. पाऊस सुरू व्हायच्या आत तो गेला.

जालिंदरनं झाकणावर दुहेरी गोणपाट चढवून तारेनं आवळलं होतं, हे तिनं ऐकलं होतं. तो आता कुणाला आपण होऊन पुढं बसवत नाही, असंही लोक सांगायचे. तो तिच्या दारावरून गेला तर मान खाली घालून जायचा. निदान एवढं तरी झालं, असं ती स्वतःला सांगायची. दुसरं सांगण्यासारखं तिच्याजवळ काही राहिलं नव्हतं.

पुढच्या डिसेंबरात ती एकदा सणसवाडीला फिरोजकडं निघाली होती. शिक्रापूरच्या चौकात जालिंदरची गाडी उभी दिसली. जालिंदर टपावर कुणाचं तरी भाजीचं गाठोडं बांधत होता. पुढच्या सीटवर तिघं दाटीनं बसले होते, आणि झाकणावर गोणपाट नव्हतं. ते सीटखाली कोंबलेलं होतं.

"ह्ये कुणी काढलं?" तिनं विचारलं.

"आमीच काढलं," कडेला बसलेला माणूस म्हणाला. "ऊब लागत न्हाई त्याच्यानं. रोजच काढतो, ह्यो जालिंदर रोज परत बांधतो."

मधे एक म्हातारा बसला होता. मुंडासं, अंगावर घोंगडी, पायताण काढून ठेवलेलं. त्याचे दोन्ही उघडे तळवे त्या पत्र्यावर टेकलेले होते.

"आबा, पाय उचला," सुगराबी म्हणाली. "भाजंल. उचला आदी."

म्हाताऱ्यानं तिच्याकडं प्रेमळपणानं बघितलं. पाय त्यानं तसेच ठेवले.

"न्हाई वो बाई," तो म्हणाला, "मला तर काईच चटका बसत न्हाई."